मुलांचा वाटा काढा, नाहीतर बाटली आडवी होईल

10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले. तिजोरीत वर्षाला 14 हजार कोटी जादा येतील, असे जाहीर झाले. वसुलीसाठी नवी पदे आणि नवी अधीक्षक कार्यालयेही मंजूर झाली. आमचा सवाल एकच: शाळा-कॉलेजातली पोरे नशेला लागू नयेत यासाठी यातले किती देणार? आकडा सांगा.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली पाहणी 2019 मध्ये आली. सोल्युशन, थिनर हुंगणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या माणसांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17 टक्के निघाले. मोठ्यांपेक्षा मुले पुढे असलेली ही एकच नशा, आणि ती स्टेशनरीच्या दुकानात मिळते. तिथे पोलिसांचा छापा काय कामाचा? तिथे लागतो मुलांना ओळखणारा, दरमहा पगार मिळणारा समुपदेशक.

1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने. ते मोठ्या मनाचे लोक होते. पण नशेला आळा घालण्याची जबाबदारी सांगणारे राज्यघटनेचे कलम 47 देणगीदारांसाठी लिहिलेले नाही, ते सरकारसाठी आहे.

म्हणून बजावून सांगतो. जादा महसुलातला किमान 1 टक्का, म्हणजे 140 कोटी, व्यसनप्रतिबंधासाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवा. येत्या 2 ऑक्टोबरपर्यंत तसे लेखी जाहीर करा आणि नागपूर अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत रक्कम दाखवा. हा पैसा प्रभातफेऱ्या, फ्लेक्स आणि मंत्र्यांच्या हारतुऱ्यांवर उडालेला चालणार नाही. तो समुपदेशकांच्या पगारावर आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जावा. मद्य आणि तंबाखू कंपन्यांचा सीएसआर तर दारातही नको. आधी पाजायचे आणि मग टी-शर्ट वाटायचे, ही थट्टा पुरे झाली.

मुदत टळली तर आम्ही निवेदने देत बसणार नाही. परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी मतदान मागण्याचा हक्क तुमच्याच नियमांनी दिला आहे: 25 टक्के महिला मतदारांचा अर्ज, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे दुकानबंदीला. 3 ऑक्टोबरपासून गावोगाव आणि वॉर्डावॉर्डांत सह्या गोळा होतील. एकेक दुकान बंद पडू लागले की 14 हजार कोटींचा हिशेब तुम्हालाच नव्याने मांडावा लागेल.

आयाबायांनो, मतदार यादीत आपले नाव आहे का, ते आजच तपासून ठेवा.