उत्खनन झाले, छापायचे कोणी?

औंढ्याच्या नागनाथाला हिंगोली जिल्ह्यातला माणूस जातो, तेव्हा त्याचे लक्ष पिंडीकडे असते. भिंतीवरच्या शिल्पांच्या रांगांकडे क्वचितच. खालचे कोरीव काम यादवकाळातले, शिखर बरेच नंतरचे, असे आपण आज सहज सांगतो. कोणीतरी ते मोजले, रेखाटले आणि छापले, म्हणून. यातली तिसरी पायरीच आता डळमळीत झाली आहे.

इथली महाविद्यालये 1994 साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाशी जोडलेली. पीएच.डी. करणारा इथला मुलगा गावोगावचे वीरगळ नोंदवत हिंडतो, पेट्रोलही पदरचेच. मग लेख छापायची वेळ येते. डेक्कन कॉलेजचे 'बुलेटिन' 1939 पासूनचे. 'पुरातत्त्व', 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट' ही नियतकालिकेही नावाजलेली. पण तिथे परीक्षक शेरे मारतात, लेख परत येतो, महिने जातात. तेवढ्यात मोबाइलवर निरोप येतो : पैसे भरा, आठ दिवसांत छापतो. अशाच एका तरुणाने मला 'प्रक्रिया शुल्का'ची पावती दाखवली. जन्मभर बँकेत व्हाउचरे तपासलेली. पावती खरी होती, प्रक्रिया तेवढी झालीच नव्हती. लेखात त्याच्या स्वतःच्या गावाचे नाव चुकीचे छापले होते!

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये आपल्या यादीतून 4,305 नियतकालिके काढली. पुढे 'केअर' यादी आणली. 2025 मध्ये तीही गुंडाळली. पीएच.डी.साठी लेख छापण्याची सक्ती 2022 मध्येच उठली होती. पण प्राध्यापकाच्या नोकरीसाठी लेख मोजले जातातच. मोजणारे आहेत, वाचणारे नाहीत, असा हा व्यवहार.

संपादक म्हणजे शुद्धलेखन सुधारणारा, असा आपला समज. पुरातत्त्वात तो विचारतो : छायाचित्रात मोजपट्टी का नाही? खापर कोणत्या थरातले? वीरगळ मूळ जागीच आहे की कोणी पारावर आणून ठेवला? मूर्तीचे नेमके ठिकाण छापावे का, हेही त्यालाच ठरवावे लागते. लेख मूर्तिचोरही वाचतात. कर्जाच्या अर्जावर खोचक प्रश्न विचारणारा अधिकारी कोणालाच आवडत नाही. बुडीत खाती मात्र त्याच्यामुळेच कमी होतात.

थोरांच्या घरीही सगळे आलबेल नाही. भोकरदनचे उत्खनन 1973 चे, अहवाल 1974 ला हातात. इनामगावचे काम 1968 ते 1983 चालले, अहवाल 1988 ला आला. पैठणला 1990 च्या दशकात झालेल्या उत्खननाचा ग्रंथ निघाला 2020 मध्ये! तेव्हा खड्ड्याशी वही घेऊन बसलेली पोरे एव्हाना पन्नाशीच्या घरात असतील. खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. वही हरवली की तो थरही गेला.

माझे मागणे मोठे नाही. विद्यापीठाने दोन निवृत्त प्राध्यापक आणि एक रेखाटनकार मानधनावर बसवावेत. नवख्यांचे लेख त्यांनी पाठवण्यापूर्वी तपासावेत. मराठीतल्या लेखालाही गुण मिळावेत, कारण नर्सीच्या किंवा वसमतच्या वीरगळाबद्दल सर्वांत आधी तिथल्याच माणसाला वाचायचे असते. शाखाधिकारी असताना एवढ्या खर्चाचा प्रस्ताव मी चहा निवायच्या आत मंजूर केला असता.