ढोलकीच्या दोन पुड्या

दिवाळी सरली की हट्ट्याच्या मुलखात, बालाघाटपासून गोंदियापर्यंत, गावोगावी मंडई भरते. दंडार या लोकनाट्याची ढोलकी घुमू लागली की पोरंटोरं पुढे सरकतात. वाजवणाऱ्याचा हात चढला की त्यांचे पाय चढतात, ठेका तुटला की तीही जागीच थबकतात. हळू-जलद, चल-थांब हे त्यांना कोणी समजावलेलं नसतं. पुढे हीच मुलं शाळेत 'लहान'पुढे फुली, फुलीपुढे 'मोठा' असे विरुद्धार्थी शब्द घोकू लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

अशा जोड्या ढोलकीवरच शिकवता येतात. ढोलकीची डावी पुडी घुमते, उजवी टणकते. घुमली की बसायचं, टणकली की टाचा उंचावायच्या, एवढाच खेळ. सुरुवातीला मुलं हमखास गोंधळतात. डावी जोरात वाजली तरी उठतात, कारण लहान वयात मोठा आवाज आणि उंच सूर त्यांना एकच वाटतात. तेव्हा रागावू नये. उजवी हलकेच वाजवावी, डावी जोरात. कान आपोआप निवड करू लागतो.

ढोलकी नसली तरी अडत नाही. पितळेच्या वाटीवर चमचा वाजवा, पाणी ओतत जा. सूर खाली येत जातो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, तिथे मात्र पाणी वाढलं की सूर चढतो. रिकामं-भरलेलं आणि उंच-खाली, दोन्ही जोड्या एकाच खेळात.

हट्ट्याच्या मुलांना आपली जुनी बावडी ठाऊक असते. अंगणात खडूच्या रेघा ओढून तिच्या पायऱ्या करा. सा-रे-ग-म म्हणत चढा, उलटे सूर लावत उतरा. वर आणि खाली यांच्यामध्ये पायऱ्या असतात, हे फुलीच्या दोन बाजूंना लिहिलेल्या शब्दांतून कळत नाही.

ही वाट नवी नाही. जिनिव्हात एमिल जाक-दालक्रोझ यांनी शरीराच्या हालचालीतून संगीत शिकवण्याची पद्धत घडवली. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला काम नेलं. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलाच्या भोवती जे आहे तेच त्याचं साहित्य, ही त्यांची दृष्टी हट्ट्याला आजही लागू पडते. इथल्या कितीतरी घरांत पोवारी किंवा मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी. शब्द न सापडलेलं मूल गप्प बसतं, आणि त्याला काही येत नाही असं आपण ठरवून टाकतो. ठेका संथ होताच पावलं संथ टाकणाऱ्या मुलाला मात्र ते कळलेलं असतं. मग शब्द तिन्ही भाषांतले द्या, ते चिकटतात.

आणि अधूनमधून ढोलकी मुलाच्या हाती द्या. त्यानं वाजवावं, आईनं, आजोबांनी, अंगणवाडीच्या सेविकाताईंनी त्याच्या ठेक्यावर उठावं-बसावं. सगळ्यांना खाली बसवायला कोणती पुडी वाजवायची, हे आता त्याला स्वतःच ठरवावं लागेल.