झाडू आपल्या हातात, कॉन्ट्रॅक्ट कुणाच्या?

मागच्या आठवड्यात रात्री जेवताना मी घरी सहज म्हणाले, ‘आमच्या बॅचमधला एक जण ऑफिस क्लीनिंगचा बिझनेस सुरू करतोय. एकट्याने.’ आईने विचारलं, ‘म्हणजे माणसं ठेवणार?’ मी म्हटलं, ‘नाही गं, स्वतःच करणार.’ त्यावर जो प्रश्न आला तो तुम्ही ओळखला असेलच. ‘एवढं शिकून झाडू मारणार?’

बाबांचा प्रश्न वेगळा होता. ‘सुटतात किती?’

दोन्ही प्रश्न खरे आहेत. आधी बाबांच्या प्रश्नाचा हिशेब मांडू, मग आईच्या प्रश्नाकडे येऊ. तो जास्त अवघड आहे.

बातमीत आलेली सफाई

घरकाम आणि सफाई हा विषय अचानक बिझनेस पेजवर आलाय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत ‘इन्स्टा मेड्स’ नावाची सेवा आणली. पंधरा मिनिटांत घरी मदतनीस, आणि सुरुवातीचा दर तासाला फक्त ४९ रुपये. नावावरून सोशल मीडियावर इतका गदारोळ झाला की ते बदलून ‘इन्स्टा हेल्प’ करावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी शेअर इश्यूच्या किमतीपेक्षा खूप वर उघडला. स्नॅबिट, प्रॉन्टोसारखी नवी ॲप्सही याच रांगेत आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसरी मोठी गोष्ट घडली. २१ तारखेला चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग वर्कर’ आणि ‘प्लॅटफॉर्म वर्कर’ यांची कायद्याने व्याख्या झाली. या कामगारांच्या सुरक्षा निधीसाठी ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची, अशी ही तरतूद आहे.

म्हणजे सफाईच्या कामात आता तीन प्रकारची माणसं दिसतात. एजन्सीचा कामगार, ॲपवरचा पार्टनर, आणि स्वतःच कॉन्ट्रॅक्ट घेऊन स्वतःच काम करणारा. हातात मॉप तिघांच्याही. मग पैशात फरक का पडतो?

बिलात काय काय असतं

एखादी आयटी कंपनी हाउसकीपिंग एजन्सीला एका माणसामागे जे बिल भरते, ते उलगडून बघा. त्यात किमान वेतन असतं. त्यावर मालकाच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ आणि त्याचे किरकोळ आकार, ३.२५ टक्के ईएसआय, किमान ८.३३ टक्के बोनस, युनिफॉर्म, रजेच्या बदलीचा खर्च. मग एजन्सीचा सर्व्हिस चार्ज. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. कामगाराच्या हातात जे पडतं त्यातूनही त्याचा स्वतःचा पीएफ आणि ईएसआय कापलेला असतो. कंपनी देते तो आकडा आणि मावशींना मिळतो तो आकडा यांत इतकं अंतर असतं.

हे अंतर म्हणजे सगळी लूट नाही, हे आधीच सांगते. पीएफ आणि ईएसआय हे कामगाराचेच आहेत, निदान ते खरोखर भरले जात असतील तर. पण कॉन्ट्रॅक्ट ज्याच्या नावावर, दर तो ठरवतो. काम करणाऱ्याला तो दर बहुतेक वेळा माहीतही नसतो.

एकट्याने धंदा करणारा नेमका इथे शिरतो. त्यासाठी जीएसटीचा एक साधा नियम समजून घ्या. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे त्याच्या बिलावर १८ टक्के लागत नाहीत. आयटी कंपनीला याचं काही वाटत नाही. ती भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेते, उलट तुमच्याकडे नंबर नसेल तर नाकच मुरडते. पण डेंटिस्ट? डॉक्टरांची वैद्यकीय सेवा जीएसटीतून मुक्त आहे, त्यामुळे त्यांना क्रेडिट मिळत नाही. एजन्सीच्या बिलावरचे १८ टक्के त्यांच्या खिशातूनच जातात. छोटं कोचिंग क्लास, फिजिओथेरपी सेंटर, योगा स्टुडिओ, दोन खोल्यांचं सीए ऑफिस, यांतल्या अनेकांचं असंच.

शिवाय यांना आठ तासांचा माणूस नकोच असतो. त्यांना हवा असतो आठवड्यातून तीनदा दीड तास येणारा, किल्ली सांभाळणारा आणि बिल देणारा माणूस. मोठ्या एजन्सीला एवढ्याशा कामात रस नसतो. म्हणून तुमचं गिऱ्हाईक हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये शोधू नका. ते कर्वे रस्त्यावरच्या दुसऱ्या मजल्यावर बसलेलं असतं.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

खालचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही स्वतः दहा ठिकाणी विचारून काढा.

समजा, तुमच्याकडे सहा जागा आहेत. प्रत्येकीकडे आठवड्यातून तीनदा, दर वेळी दीड तास, महिन्याला ६,००० रुपये. झाले ३६,०००. शिवाय महिन्याला चार डीप क्लीनिंग, म्हणजे खुर्च्या शाम्पू करणं, टाइल्स घासणं, काचा, पंखे. प्रत्येकी २,५०० धरले तर १०,०००. एकूण ४६,०००.

मस्त वाटतंय ना? थांबा.

केमिकल, कपडे, पिशव्या यांचे ४,००० गेले. पेट्रोल ३,०००. व्हॅक्युम आणि स्क्रबर कधी तरी बिघडणार, त्यासाठी दर महिन्याला २,००० बाजूला. फोन, विमा, हिशेबनीस मिळून १,५००. आणि एखादं गिऱ्हाईक सुटणार, एखादं पैसे लटकवणार, म्हणून दहा टक्के, म्हणजे ४,६०० सोडून द्या. खर्च झाला १५,१००. उरले ३०,९००.

आता तास मोजा. सहा जागांचे आठवड्याला २७ तास. अठरा फेऱ्यांचा प्रवास अर्ध्या तासाने धरला तर ९. डीप क्लीनिंगचे साधारण ५. कोटेशन, बिलं, फोन, खरेदी यांचे ४. एकूण ४५ तास.

गिऱ्हाईकाकडे उभे असताना तुम्हाला तासाला ३०० रुपये मिळतायत असं वाटतं. सगळे तास आणि सगळे खर्च धरले की तो आकडा १६०च्याही खाली येतो. या धंद्यातले बहुतेक लोक दर ठरवताना फसतात ते याच ठिकाणी. प्रवास आणि बिलं हेही काम आहे, हे ते धरतच नाहीत.

तरीही महिन्याला ३१ हजारांच्या आसपास. तुमच्या सीनियरना पहिल्या नोकरीचा इन-हँड विचारा आणि शेजारी ठेवून बघा. बऱ्याच जणांना हा आकडा बरा वाटेल. पण नोकरीत पगारी रजा असते, पीएफ असतो. इथे ताप आला तर त्या दिवशीचं उत्पन्न शून्य. ॲपवाल्यांसाठी निदान कायद्यात निधीची तरतूद झाली. तुम्ही ना कुणाचे कामगार, ना गिग वर्कर. आरोग्य विमा, म्हातारपणाची बचत, सगळं त्या ३०,९००मधूनच.

उत्पन्न वाढवायचं तर तास वाढवून फार काही होत नाही, कारण अंगाला मर्यादा आहे. दोन गोष्टी कामी येतात. एक, सगळी गिऱ्हाइकं एकाच भागात घ्या. प्रवासाचे ९ तास ४ वर आले, की आणखी एक जागा बसते आणि पेट्रोलही वाचतं. दोन, डीप क्लीनिंग वाढवा. रोजच्या झाडू-पोछ्यात तुमची स्पर्धा दोन-अडीच हजारांत काम करणाऱ्या मावशींशी आहे. तिथे दर पाडून तुम्ही जिंकलात, तरी ती काही अभिमानाची गोष्ट नाही.

कागद आधी, फिनाइल नंतर

सुरू करताना या गोष्टी कराच.

• उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. दुकाने व आस्थापना कायद्याखाली एकट्या माणसाला ऑनलाइन सूचना देणं पुरतं.

• करार लेखी करा, एका पानाचा चालेल. काय करणार, काय करणार नाही, किती वेळा, पैसे कोणत्या तारखेला. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करारानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही नियम आलाय. वेळेत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा करता येत नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याला हे हसत हसत सांगा.

• रोख टाळा, बिल द्या, बँकेतून पैसे घ्या. वर्षभराने लोन मागायला जाल तेव्हा हेच स्टेटमेंट कामी येईल. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण रिटर्न भरा. एखाद्या कंपनीने टीडीएस कापला असेल, तर तो परत मिळवायचा रस्ता तोच आहे.

• ब्लीच आणि ॲसिडचं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

• क्लिनिकचं काम घेतलं तर सुया आणि पिवळ्या-लाल पिशव्यांतला जैववैद्यकीय कचरा तुमच्या करारात नको. त्यासाठी २०१६चे वेगळे नियम आहेत. स्वतःसाठी हेपॅटायटिस बीची लस मात्र घ्या.

• ‘तेवढं चेंबरमध्ये उतरून बघ ना’ असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला सुरक्षेशिवाय उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरी आजही लोक त्यात मरतात.

आणि आईचा प्रश्न

हा शेवटचा मुद्दा लिहिताना मला हिशेबातून बाहेर यावं लागतंय.

‘एवढं शिकून झाडू मारणार?’ या वाक्यात ‘शिकून’ शब्दावर जोर आहे. म्हणजे न शिकलेल्याने मारला तर चालतो. आणि आपल्याकडे कुणी शिकायचं आणि कुणी झाडू मारायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरलं. शहरांच्या सफाई खात्यांत आजही कोणत्या वस्त्यांतली माणसं जास्त आहेत, हे बघायला फार लांब जावं लागत नाही. त्यामुळे ‘कुठलंच काम हलकं नसतं’ असं पोस्टर मला सोपं वाटतं. ज्याला हे काम सोडायचा पर्याय आहे, त्याच्यासाठी ते बोलणं सोपं असतं. माझ्या बॅचमेटला जमलं नाही तर तो एमबीए करेल. आमच्या ऑफिसात सकाळी सहाला येणाऱ्या मावशींना जमलं नाही तर काय? तो स्वतः फरशी पुसायला लागला की आम्ही त्याच्यावर फीचर लिहितो. त्या वीस वर्षं पुसतायत, आणि इंटर्नशिपचे दोन महिने झाल्यावर मला कळलं की त्यांचं आडनावच मी विचारलेलं नाही.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाची कानउघाडणी करायचे. आपण बाबांचा झाडू पोस्टरवर घेतला, कानउघाडणी सोयीस्कर विसरलो.

पण एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांनी संघटना उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिचे मालक म्हणजे हे कचरावेचकच. महापालिकेशी करार त्यांच्या संस्थेचा. त्या आधीही कचराच वेचत होत्या आणि नंतरही. करार स्वतःच्या संस्थेच्या नावावर आला आणि घरोघरी कचरा घेण्याचे पैसे कुणापुढे हात न पसरता हक्काने मागता आले.

म्हणून माझं आईला उत्तर असं आहे. लाज झाडूची नाही वाटायला हवी. ज्याच्या हातात झाडू आहे त्याला करारात काय लिहिलंय ते माहीत नसतं, त्याची वाटायला हवी. तुम्ही शिकलाय त्याचा इथे खरा उपयोग आहे. करार वाचता येतो, बिल बनवता येतं, नियम दाखवून पैसे मागता येतात. हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवलंत तर एक धंदा उभा राहील. उद्या काम वाढलं आणि तुम्ही माणूस ठेवलात, तर त्याच्यापासून दर लपवणार की बिलाची कॉपी त्यालाही दाखवणार, हे आत्ताच ठरवून टाका. कारण एजन्सीवालाही कधी तरी एकट्यानेच सुरू झालेला असतो.

माझा बॅचमेट सोमवारपासून पहिल्या क्लिनिकमध्ये जातोय. आईने विचारलं, ‘आपल्या सोफ्याचे किती घेईल?’ मी म्हटलं, ‘कोटेशन मागव. आणि घासाघीस करायच्या आधी तास मोज.’