ओझर विमानतळावर प्रादेशिक विमानसेवेचा बेस व्हावा आणि ‘उडान’च्या आसन-अटी सुधाराव्यात, याबाबत निवेदन

स्थळ : घोटी बुद्रुक, ता. इगतपुरी, जि. नाशिक
दिनांक : जानेवारी 2026

प्रति,
मा. मंत्री महोदय,
नागरी हवाई वाहतूक मंत्रालय,
राजीव गांधी भवन, नवी दिल्ली.

मार्फत : मा. तहसीलदार, इगतपुरी

विषय : नाशिक (ओझर) येथे प्रादेशिक विमान कंपनीचे किमान एक विमान व त्याचे वैमानिक कायम मुक्कामी ठेवणेबाबत, तसेच 50 ते 78 आसनांच्या विमानांस प्राधान्य देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये आम्ही घोटी व परिसरातील भात उत्पादक शेतकरी, राईस मिलवाले, व्यापारी, नोकरदार आणि विद्यार्थी आपणांस हे निवेदन सादर करतो.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. आम्हांला मुंबईचे विमान नको आहे. कसारा घाट उतरला की मुंबई, आणि 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून थेट आमणेपर्यंत खुला झाला आहे. केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या पहिल्या फेरीत मात्र नाशिकच्या वाट्याला नेमके मुंबई आणि पुणेच आले. 23 डिसेंबर 2017 रोजी एअर डेक्कनच्या अठरा-एकोणीस आसनी बीचक्राफ्टने ही सेवा सुरू झाली. मुंबईत स्लॉटची मारामार, विमान लहान, आणि मार्गाची मुळात निकड नाही. ती सेवा टिकली नाही. पुढे 2018 मध्ये जेट एअरवेजने दिल्लीसाठी मोठे बोइंग आणले. एप्रिल 2019 मध्ये ती कंपनीच बंद पडली आणि नाशिकचे दिल्ली विमानही तिच्याबरोबर गेले. एकदा फार लहान, एकदा फार मोठे. मधल्या मापाच्या विमानाने काय साधते ते जानेवारी 2021 मध्ये दिसले : स्टार एअरने 50 आसनी एम्ब्रेअर जेटने नाशिक–बेळगाव जोडले. रस्त्याने एक अख्खा दिवस मोडणारा तो प्रवास आहे. आमच्या मते या जिल्ह्याला हेच माप शोभते.

आता मूळ दुखणे. ओझरची धावपट्टी तीन हजार मीटरची आहे, प्रवासी टर्मिनल 2014 पासून उभे आहे. तेथे सुखोई तयार झाले, आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी तेथेच बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क 1-ए ने तेथूनच भरारी घेतली. इतके असून कोणत्याही विमान कंपनीच्या वैमानिकांचा बेस नाशिक नाही. विमान येते ते परगावचे, वैमानिकही परगावचे. सकाळी हैदराबादला किंवा दिल्लीला धुके पडले, कुठे तांत्रिक बिघाड झाला, की दिवसभराचा उशीर साखळीने पुढे सरकतो. संध्याकाळी वैमानिकांचे ड्यूटीचे तास संपत आले की कंपनी जी फेरी कापते, ती बहुधा साखळीच्या शेवटच्या टोकाची असते. ते टोक म्हणजे आम्ही.

बेस असला तर चित्र कसे असते, ते सांगतो. शेवटची फेरी रात्री ओझरला उतरते. दोन वैमानिक आणि 78 आसनी एटीआर असेल तर दोन केबिन क्रू नाशिकमध्येच, आपापल्या घरी झोपतात. रात्री इंजिनीअर टॉर्च घेऊन टायर, ब्रेक, पंखे तपासतो. काही निघाले तर दुरुस्तीला पाच-सहा तास हाताशी असतात. सकाळी सहा-साडेसहाला विमान भरून निघते. घोटीचा माणूस पहाटे चारला गाडी काढतो, द्वारका चौकात गर्दी होण्याआधी नाशिक ओलांडतो आणि दुपारपर्यंत बेंगळुरूत किंवा हैदराबादेत काम उरकून त्याच दिवशी घरी परततो. आज तो काय करतो? ओझरच्या फेरीचा भरवसा नाही म्हणून सरळ मुंबईची वाट धरतो. 25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून तर हा ओढा वाढणारच. मग कंपन्या म्हणणार, नाशिकला प्रवासी नाहीत.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम सैल करा, अशी आमची मागणी मुळीच नाही. आठवड्याला सलग 48 तास विश्रांती आणि रात्रीच्या लँडिंगवर दोनची मर्यादा, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नवे नियम योग्यच आहेत. डिसेंबर 2025 च्या पहिल्या पंधरवड्यात देशभर हजारो फेऱ्या रद्द झाल्या, तो दोष नियमांचा नव्हे, नियोजनाचा. पण वैमानिकाला प्रवासी म्हणून बसवून ओझरला आणले तर तो वेळही ड्यूटीत धरला जातो, त्याच्या हॉटेलचा खर्च वेगळा. जो वैमानिक नाशिकलाच राहतो, त्याच्याबाबत यातले काहीच उद्भवत नाही. धुळे, जळगाव, बारामती, गोंदिया येथे मुले विमान चालवायला शिकतात आणि नोकरीला राज्याबाहेर जातात, हेही ध्यानी घ्यावे.

हे कागदावरचे स्वप्न नाही. गोव्याच्या मोपा विमानतळावर बेस ठेवून फ्लाय 91 ने मार्च 2024 पासून एटीआर विमाने चालवली आणि आपल्या शेजारच्या जळगावला गोवा व हैदराबाद मिळाले. जळगावला जमते ते नाशिकला का जमू नये?

आसनांबाबत थोडे. ‘उडान’मध्ये निम्म्या आसनांना, कमाल 40 आसनांपर्यंत, सवलतीचे भाडे लावण्याची मूळ अट होती. 78 आसनी विमानात ती नीट बसते, 180 आसनी विमानात सवलत नावापुरती उरते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांना लँडिंग शुल्क माफ आहे. ओझर मात्र हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, म्हणून तेथे वेगळा आदेश हवा. आसनांचा एक आकडा काय करू शकतो याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तेथे मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात प्रादेशिक जेटसाठी 76 आसने व 86 हजार पौंड वजनाची मर्यादा घातली, आणि एम्ब्रेअरचे नवे, इंधन वाचवणारे 175-ई2 केवळ वजनामुळे तेथील प्रादेशिक कंपन्यांना घेता आले नाही. आपल्याकडे असा करार आड येत नाही. अटी शासनाच्याच हातात आहेत.

सबब आमच्या मागण्या अशा :

‘उडान’च्या पुढील फेरीत नाशिकचे मार्ग देताना ओझरला रात्रमुक्कामी विमान व नाशिक बेसचे वैमानिक ही निविदेचीच अट असावी, आणि त्या बदल्यात व्यवहार्यता निधीत अधिक वाटा द्यावा. बाकी काही झाले नाही तरी एवढे व्हावेच.

50 ते 78 आसनांच्या विमानांना ओझरला लँडिंग व रात्रीच्या पार्किंगचे शुल्क माफ असल्याचा लेखी आदेश हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संमतीने काढावा. मार्ग ठरवताना बेंगळुरू, हैदराबाद, नागपूर, बेळगाव यांना अग्रक्रम असावा, मुंबईला नसावा. रद्द झालेल्या फेऱ्यांची विमानतळनिहाय माहिती दरमहा प्रसिद्ध करावी.

सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी आहे. विमानांचे हिवाळी वेळापत्रक त्याच्या सहा दिवस आधी, 25 ऑक्टोबरला लागू होईल. त्या वेळापत्रकात ओझरचा बेस दिसावा, यासाठी निर्णय येत्या चार महिन्यांत व्हावा आणि झालेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर तहसील कार्यालयामार्फत आम्हांस मिळावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
समस्त नागरिक, घोटी बुद्रुक व परिसर
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, नाशिक, मा. विमानतळ संचालक, ओझर