जागरणाचा गौरव नको

अर्जुनाला ‘गुडाकेश’, म्हणजे निद्रेला जिंकणारा, असे बिरुद आहे. त्या बिरुदाचा प्रभाव म्हणा वा परीक्षेचा धाक म्हणा, झोप ही विद्येची वैरीण होय अशी समजूत घरोघरी आढळते. रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्या मुलाचे कौतुक होते. वेळेवर निजणारा मात्र आळशी ठरतो. शास्त्रीय पुराव्याच्या कसोटीस ही समजूत उतरत नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील जेंकिन्स व डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करावयास दिल्या होत्या. त्यानंतरचे ८ तास जागेपणी गेल्यास दहांपैकी सरासरीने जेमतेम १ गट आठवे. तेच ८ तास झोपेत गेल्यास ५ हून अधिक आठवत. दोनच व्यक्तींवरील प्रयोगाने सिद्धांत ठरत नाही, हे खरे. परंतु पुढे अनेक प्रयोगशाळांतून त्याच दिशेचा पुरावा मिळाला. उंदीर फिरत असता मेंदूतील ज्या पेशी एकत्र उद्दीपित होतात, त्या नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होतात, असे विल्सन व मॅकनॉटन यांनी १९९४ साली दाखविले. झोपेत मेंदू दिवसभराच्या धड्याची जणू उजळणीच करीत असतो. पहाटेपर्यंत जागणारा विद्यार्थी वाचनाचे तास वाढवितो आणि उजळणीचे तास गमावितो.

“मला थोडी झोप पुरते,” असे कित्येकजण अभिमानाने सांगतात. ही साक्ष विश्वसनीय नव्हे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगात काही निरोगी प्रौढांना सलग १४ रात्री सहा तासच झोपू दिले. त्यांचे अवधान अखेरीस एक रात्र न झोपलेल्या माणसाइतके ढळले. तरी त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच सुस्ती जाणवत होती. हानी होते आणि ती उमगत नाही, हाच खरा धोका.

दुपारच्या वामकुक्षीचीही अशीच उपेक्षा होते. दूर पल्ल्याच्या वैमानिकांना ४० मिनिटे विसावा दिला असता ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि विसावा न मिळालेल्या सहकाऱ्यांपेक्षा अधिक सावध राहिले, असे अमेरिकी अंतराळसंस्थेच्या संशोधनात दिसून आले. मात्र डुलकी अर्ध्या तासाच्या आतच असावी. ती लांबल्यास उठल्यावर डोके जड होते, आणि सायंकाळी घेतल्यास रात्रीची झोप मोडते. शिवाय ती रात्रीच्या झोपेची जागा घेऊ शकत नाही.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना दररोज ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. तेव्हा शिक्षकांनी अभ्यासाच्या वेळापत्रकात निजण्याची वेळही लिहून द्यावी आणि जागरणाची वाखाणणी थांबवावी. वाचनालयात एखादा वाचक पुस्तकावर डोके टेकून पंधरा मिनिटे निजला, तर ग्रंथपालाने त्यास उठविण्याची घाई करू नये. नुकतेच वाचलेले तो कदाचित मनात मुरवीत असेल.