युनिट वाचले, रात्रीचे काय?

एलईडी पथदिव्यांबद्दल शंका काढली की उत्तर तयार असते: वीज वाचते. ते खरेच आहे. 150 वॉटच्या सोडियम दिव्याच्या जागी अनेक ठिकाणी 70 वॉटचा एलईडी आला आणि नगरपालिकांची वीजबिले उतरली. 2015 पासून केंद्राच्या योजनेतून देशभर एक कोटीहून अधिक पथदिवे बदलले गेले. या बचतीशी माझे भांडण नाही. वाचलेल्या युनिटांखेरीज दुसरे काहीच मोजायचे नाही, या वृत्तीशी आहे.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की उजेड पांढरा दिसतो, पण 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्यात उरतोच. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या जवळजवळ तिप्पट तो हवेत विखुरतो आणि शहरावरचे आकाश पांढुरके करून टाकतो. रात्र झाल्याची खूण शरीराला देणारे मेलाटोनिनही याच निळ्या भागाने दबते. पथदिवे 3000 केल्विनच्या वर नकोत (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर), असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्येच सांगितले. आपल्या गल्लीबोळांत 5000 केल्विनच्या वरचे पांढरेफटक दिवे सर्रास लागतात, तेही झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. तो मी हलका मानत नाही. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलीला वाटेत दिवा हवाच. सोडियमच्या उजेडात रंग ओळखता येत नसत, एलईडीत येतात, हेही मान्य. पण डोळे दिपले की दिसत नाही. आडोसा नसलेला प्रखर दिवा थेट डोळ्यांत घुसतो, बाहुली आकसते आणि दोन खांबांमधला काळोख आणखी दाट होतो. मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या कोणत्याही आजोबांना विचारावे.

किडामुंगीची पर्वा कशाला, असेही म्हणतात. इंग्लंडमधल्या 2021 च्या अभ्यासात पथदिव्यांखालच्या झुडपी कुंपणांत पतंगांचे सुरवंट अंधाऱ्या कुंपणांपेक्षा 47 टक्के कमी आढळले, आणि सोडियमपेक्षा पांढऱ्या एलईडीखाली घट अधिक होती. काजव्यांचे नर-मादी तर लुकलुकूनच एकमेकांना शोधतात. त्यांच्या जंगलाच्या तोंडाशी असे दिवे लावायचे आणि मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याला गर्दी करायची, हे जुळत नाही.

‘मग जुने दिवे परत आणायचे का?’ मुळीच नाही. एलईडी पिवळसरही मिळतो, मंद करता येतो, त्याचा झोत खाली वळवता येतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर, म्हणजे ‘राणीच्या हारा’वर, 2015 मध्ये पांढरे दिवे बसले, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे तिथे पिवळसर उजेड परतला, तोही एलईडीचाच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहराने रहिवाशांच्या तक्रारींनंतर नवेकोरे दिवे उतरवून 2700 केल्विनचे बसवले. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचे आकाश काळोखे राखणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, त्यासाठी जवळच्या गावांतल्या दिव्यांचे तोंड जमिनीकडे करण्यात आले.

म्हणजे उपाय आपल्या राज्यातच करून झाला आहे. 3000 केल्विनची मर्यादा, वरून व बाजूंनी आडोसा आणि मध्यरात्रीनंतर मंद प्रकाश, एवढ्या तीन अटी प्रत्येक नगरपालिकेच्या निविदेत घालाव्यात. राणीच्या हारासाठी न्यायालयात जाणारे लोक मुंबईत होते. तालुक्याच्या गावातल्या गल्लीसाठी कोणी जाणार नाही, म्हणून अट दिवे विकत घेण्याआधीच लिहिलेली हवी.