वाहून आलेले लाकूड कुणाचे?

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण किनारे आहेत. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्यांचा पूर ओसरला, की काठच्या रेतीत आणि झुडपांत अडकलेली मुळे, खुंट, फांद्यांचे तुकडे दिसू लागतात. बहुतेकांच्या लेखी ते सरपण. एखाद्याला मात्र त्याच वाकड्या मुळात मान वळवून बसलेला बगळा दिसतो. तो तुकडा घरी येतो आणि दिवाणखान्यात मानाची जागा पटकावतो. यालाच आपण काष्ठशिल्प म्हणतो.

या कलेतले निम्मे काम नदीनेच केलेले असते. पाण्याने आणि रेतीने लाकडाचा मऊ भाग झिजतो. गाठी, पीळ आणि टणक गाभा उरतो. माणसाने करायचे ते थोडेच. चिखल ब्रशने काढावा, कुजका भाग खरवडावा आणि लाकूड सावलीत सावकाश वाळू द्यावे. कडक उन्हात ते तडकते. शेवटी जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. जवस आपल्याच पूर्व विदर्भातले पीक. त्याचे तेल हवेत हळूहळू सुकते आणि लाकडाचा रंग खुलवते. खरा वेळ जातो तो पाहण्यात. बगळ्याला चोच हवी म्हणून दुसरा तुकडा चिकटवला, की नदीचे शिल्प संपते आणि आपले खेळणे सुरू होते.

पण मुळात हे लाकूड कुणाचे? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातले कलम ४५ सांगते, की वाहत आलेले किंवा काठाला लागलेले लाकूड, कुणाची मालकी सिद्ध होईपर्यंत, सरकारचे मानले जाईल. ओंडके नदीतून वाहून नेण्याच्या काळातला हा कायदा. मोठ्या ओंडक्यांसाठी तो योग्यच आहे. पण वीतभर मुळासाठीही तोच लावायचा का?

त्याच कलमात राज्य सरकारला अधिसूचना काढून काही प्रकारच्या लाकडाला सूट देता येते. एका हाताने उचलता येईल एवढा, विक्रीसाठी नसलेला तुकडा या सवलतीत बसवावा आणि काय चालते, काय नाही, हे साध्या मराठीत नदीकाठच्या ग्रामपंचायतींत लावावे. शौकीन माणसाला चोरासारखे वाटू नये आणि चोराला शौकिनाचा बुरखा मिळू नये.

ही सवलत नागझिरा-नवेगावच्या जंगलात मात्र नको. २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या त्या जंगलात पडलेले लाकूडही निकामी नसते. किड्यांचे ते घर असते आणि किड्यांवर पक्षी जगतात. समुद्रकाठी काय झाले, तेही आठवावे. शोभेच्या शंख-शिंपल्यांचा बाजार एवढा वाढला, की २००१ साली त्यांतल्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घ्यावे लागले. छंदाचा धंदा झाला, की ओंजळीची पोती होतात.

आणखी एक गोष्ट विसरू नये. पुरानंतर काठावर लाकूड वेचणारी बाई आपल्या आधी तिथे आलेली असते. तिला चूल पेटवायची असते, आपल्याला भिंत सजवायची असते. तेव्हा तिने वेचून झाल्यावर जावे, मुलांना सोबत न्यावे, मनसोक्त पाहावे आणि घरी एकच तुकडा आणावा. बाकीचे लाकूड पुढच्या पुरासाठी तिथेच राहू द्यावे.